एकशे चौदा टक्के

तेहेतीस नळ्यांवर दातांच्या खुणा होत्या. चौतिसाव्या नळीवर नव्हत्या.

पुठ्ठ्याच्या त्या नळ्या करंगळीएवढ्या लांब आणि दोन बोटं जाड. एका माणसाला एक, वापरून झाली की कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. माणूस नळी दातांत धरतो, ओठ आवळतो आणि छाती रिकामी होईपर्यंत मशीनमध्ये फुंकतो. असं तीनदा केलं की पुठ्ठा ओला होऊन मऊ पडतो आणि वरच्या दातांचा ठसा त्यावर उमटतो. कुणाच्या नळीला मिशरीचा तपकिरी डाग असायचा, तर कुणाचा पुढचा एक दात पडलेला कळायचा. पिशवी बांधण्याआधी हर्षाली नळ्यांवरून एक नजर फिरवायची. तशी गरज नव्हती, पण सवय होती.

चौतिसाव्या नळीवर फक्त ओलाव्याचं एक गोल कडं होतं, सगळीकडून सारख्या जाडीचं. फुंकणाऱ्याने दात लावलेच नव्हते. नुसत्या ओठांनी, हवेचा कणही बाजूने निसटू न देता नळी धरली होती. अशी नळी धरायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो, आणि तो लोखंड घासणाऱ्या माणसाला नसतो. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्याला असतो.

तिने ती नळी पिशवीत टाकली आणि गाठ मारली. समोरच्या रजिस्टरवर तिच्याच अक्षरात ओळ लिहिलेली होती: देवराम किसन गांगुर्डे, वय ४४, फेटलिंग खातं, ११४ टक्के.

हर्षाली पुण्याच्या एका विद्यापीठात वैद्यकीय मानवशास्त्राचं एम.ए. करत होती. त्याआधी तिने सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं. सूक्ष्मदर्शकातून जे दिसतं त्यापेक्षा आजारी माणूस स्वतःच्या आजाराला काय म्हणतो हे तिला अधिक जाणून घ्यावंसं वाटू लागलं, म्हणून ती इकडे वळली. शेवटच्या वर्षी सहा महिन्यांची प्लेसमेंट आणि लघुप्रबंध दोन्ही करायचे होते. दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच विषयावर जोडून केले तर चालेल, असा नियम होता. वर्गातल्या बऱ्याच जणांना ती सोय वाटली, आणि हर्षालीलाही. तिचं घर नाशिकरोडला. अंबडच्या छोट्या कारखान्यांतल्या कामगारांची दरवर्षी फुप्फुसांची तपासणी करणारं एका ट्रस्टचं केंद्र होतं, तिथे ती फेब्रुवारीत रुजू झाली. दिवसा मशीनवर कामगारांची चाचणी घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी त्यांतल्याच काहींच्या घरी जाऊन 'दम लागणं' या विषयावर बोलायचं, असं ठरलं.

रुजू झाली त्या दिवशी तिने दोन कागदांवर सह्या केल्या. पहिला केंद्राचा होता: 'मी सर्व नोंदी खऱ्या व अचूक ठेवीन.' दुसरा विद्यापीठाच्या नीतिसमितीचा होता. त्यासोबतचं संमतीपत्र तिने स्वतः मराठीत लिहिलं होतं आणि त्यातलं एक वाक्य समितीला फार आवडलं होतं: 'तुम्ही घरी मला जे सांगाल ते केंद्राला, कारखान्याला किंवा ठेकेदाराला कधीही कळणार नाही.' दोन्ही सह्या एकाच पेनाने, पाच मिनिटांच्या अंतराने झाल्या. ही दोन वाक्यं एक दिवस समोरासमोर येतील असं कुणाच्याच मनात आलं नाही.

देवराम गांगुर्डे तिला पहिल्यांदा घरी भेटला तो मार्चमध्ये. अंबडला कारखान्यांची सुट्टी शनिवारी, म्हणून शनिवारी सकाळी ती चुंचाळ्याच्या त्याच्या चाळीत गेली. दहा बाय बाराची खोली, पत्र्याचं छप्पर, भिंतीला टेकवलेली एक खाट. देवराम मूळचा निफाडकडचा. सोळा वर्षांपासून एका फाउंड्रीत ठेकेदाराकडे होता आणि फेटलिंग खात्यात काम करायचा. साच्यातून निघालेल्या ओतीव तुकड्यांना चिकटलेली वाळू आणि कडा हँडग्राइंडरने घासून काढायच्या, हे त्या खात्याचं काम. दिवस संपला की तिथल्या माणसांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या.

दारातच त्याने तिच्या गळ्याकडे पाहिलं. केंद्राच्या ओळखपत्राचा निळा पट्टा तिच्या गळ्यात तसाच राहिला होता.

"ताई, ह्यो पट्टा गळ्यात असंल तर मी ठणठणीत हाय," तो म्हणाला. "काढला तर बोलतो."

ती हसली. पट्टा काढून पिशवीत ठेवला आणि संमतीपत्र वाचून दाखवलं. त्या वाक्यापाशी त्याने तिला थांबवलं.

"ह्ये परत वाचा."

तिने परत वाचलं.

"कधीही म्हंजी कधीही?"

"कधीही."

मग तो बोलला. दीड तास बोलला. दम लागतो म्हणजे नेमकं काय होतं, असं तिने विचारलं तेव्हा तो थोडा वेळ छताकडे पाहत राहिला. "चढ लागतो, ताई. जमीन सपाट असती, दुसऱ्याला सपाटच दिसती. मला मात्र चढ लागतो. आधी कारखान्याच्या गेटापासनं लागायचा. आता संडासाला जाताना लागतो."

त्याची बायको राखी चहा गाळत होती. "ह्ये दिवसा काय सांगतात त्ये लिहू नका. रात्री येऊन बघा. बसून झोपतात. मागं दोन उश्या, वर माझी गोधडी. माझ्या घरात बारमाही गणपती बसवलाय." एवढं बोलून ती हसली आणि लगेच जीभ चावून गप्प झाली. गणपती बसवला की पुढे काय येतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

ती मुलाखत हर्षालीने शब्द न् शब्द उतरवून काढली. तिच्या मार्गदर्शक कानडे मॅडमनी ती वाचून फोन केला. "सपाट जमिनीला चढ लागतो! अगं, हे तुझ्या प्रकरणाचं शीर्षक आहे. अख्खा प्रबंध या माणसावर उभा राहील." हर्षालीला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या फाउंड्रीच्या कँटीनमध्ये तपासणी लागली. टेबलावर मशीन, शेजारी नळ्यांचा खोका, बाहेर बाकावर रांगेने बसलेले कामगार. आवाज देऊन देऊन तिचा घसा बसला होता. "पूर्ण श्वास घ्या. ओठ घट्ट. आता जोरात! आणखी, आणखी, आणखी, संपू देऊ नका..."

चौतिसावा माणूस आत आला तो तिशीतला होता. केस काळेभोर, अंगात कारखान्याचा खाकी शर्ट, खांद्यांवर ढगळ. नाव विचारायचा नियम होता म्हणून तिने विचारलं.

"देवराम किसन गांगुर्डे," तो म्हणाला आणि तिच्याकडे सरळ बघत राहिला.

तिने दाराबाहेर पाहिलं. बाकाच्या टोकाला देवराम बसला होता, घरातल्या चौकड्याच्या शर्टात. त्यानेही तिच्याकडे पाहिलं. मग हळूच हात गळ्याशी नेला आणि डोक्यावरून काहीतरी काढून ठेवावं तसा हात फिरवला. पट्टा काढा, ताई.

पट्टा तिच्या गळ्यात होता. तो रांगेतला शेवटचा होता आणि कँटीनचा सुपरवायझर घड्याळ बघत उभा होता. तिला वाटलं, आपण आत्ता काही बोललो तर घरी ऐकलेलंच बोलल्यासारखं होईल. देवराम दिसतो कसा हे मला घरी गेल्यामुळेच माहीत आहे. हा विचार बरोबर आहे की चूक, हे तपासायला तिच्याकडे फार तर चार सेकंद होते.

"पूर्ण श्वास घ्या," ती म्हणाली.

त्याने श्वास घेतला आणि सोडला, आणि मशीनच्या पडद्यावर अशी रेघ चढली की हर्षालीने ती आजवर फक्त पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत पाहिली होती. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या उंचीच्या माणसाकडून जेवढी अपेक्षा, त्याच्या एकशे चौदा टक्के.

तो देवरामचा धाकटा भाऊ सोमनाथ होता. निफाडच्या एका बँड पार्टीत ट्रम्पेट वाजवायचा. लग्नसराई संपली की त्याला वेळ असे. देवरामनेच मार्चमध्ये ते कौतुकाने सांगितलं होतं: भाऊ वरात निघाल्यापासून मांडवापर्यंत तोंडचं ट्रम्पेट खाली ठेवत नाय.

संध्याकाळी केंद्रात डॉक्टर महेश बोरस्ते आकडे बघत बसले होते. पन्नाशीचे, थकलेले, पण मनाने सरळ. सतरा कारखान्यांचं काम ते एकटे सांभाळायचे. "एकशे चौदा? फेटलिंगमध्ये?" ते मोठ्याने हसले. "या बाबाला इथे कशाला ठेवलाय, हिमालयात पाठवा. ग्राफ दाखव बरं." त्यांनी ग्राफ नीट पाहिला. ग्राफमध्ये खोट नव्हतीच. "उत्तम. कसा पुस्तकात छापावा असा आहे. काही काही माणसं लोखंडाचीच असतात, हर्षाली."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. फाइल लावून घरी गेली.

त्यानंतर दहा आठवडे ती तेच करत राहिली.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की चुकलेला आकडा रबराने खोडायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, शेजारी सही करायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. हर्षालीने तीन वर्षांत तो नियम एकदाही मोडला नव्हता. आता रोज सकाळी ते रजिस्टर उघडताना तिची नजर त्या पानावर जायची. रेघ मारायला पेन हातात असायचं, आणि सही करायची म्हटली की कोणती सही, हा प्रश्न उभा राहायचा.

जुलैमध्ये एकदा तिने कानडे मॅडमना फोन केला. "मॅडम, समजा प्लेसमेंटच्या ठिकाणी..."

"समजा वगैरे नको. काय झालं?"

"समजाच, मॅडम."

मॅडम शहाण्या होत्या. म्हणाल्या, "संशोधक म्हणून जे कळलं ते कामाच्या ठिकाणी न्यायचं नाही. संमतीपत्र म्हणजे शब्द दिलेला असतो."

"आणि कामाच्या ठिकाणी डोळ्यांनी पाहिलं ते?"

"ते दोन्हीकडे सह्या करायच्या आधी आपण विचारायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. 'आपण' म्हणाल्या, एवढंच. मग प्रबंध एकतीस ऑगस्टला द्यायचा आहे आणि त्याला प्लेसमेंटचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, याची त्यांनी आठवण करून दिली.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी त्या फाउंड्रीचा अहवाल तिला टाइप करायला दिला आणि मग तिला झोप लागेना. केंद्राचा एक साधा नियम होता. खात्याची सरासरी ऐंशीच्या खाली गेली तर मालकाला लेखी द्यायचं, धूळ खेचणारी यंत्रणा ताबडतोब बसवा, तीन महिन्यांत पुन्हा तपासणी. ऐंशीच्या वर असेल तर 'पुढील वर्षी पाहावे'. फेटलिंगमध्ये अकरा माणसं होती. सरासरी आली त्र्याऐंशी.

तिने वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. देवरामचे खरे आकडे तिला माहीत नव्हते. उदार मनाने साठ धरले. अकरा जणांची सरासरी अठ्ठ्याहत्तर आली. पुन्हा केला. अठ्ठ्याहत्तर.

म्हणजे सोमनाथच्या छातीने एकट्या भावाला नाही, अकराही जणांना निरोगी ठरवलं होतं. त्यांतला एक बावीस वर्षांचा होता.

तिने जुन्या फाइली काढल्या. मागच्या दोन वर्षांत मशीनवर दुसरी मुलं होती, देवरामला न ओळखणारी. दोन वर्षांपूर्वी १०८. मागच्या वर्षी १११. या वर्षी ११४. त्या मुलांना गप्प राहायची गरजच पडली नव्हती. गरज पडली ती तिला, कारण ती त्याच्या घरी गेली होती आणि तिने तसं लिहून दिलं होतं.

त्या शनिवारी सकाळी ती चुंचाळ्याला गेली. दार उघडंच होतं. देवराम खाटेवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर. दर श्वासाला गळ्याजवळची खळगी आत जात होती. चार दिवस खाडे झाले होते. सोमनाथ खाली चटईवर बसला होता, आणि राखी पातेल्यात वाफ घ्यायला पाणी तापवत होती.

देवरामने तिच्या गळ्याकडे पाहिलं. "ताई, पट्टा?"

"आज काढणार नाही, भाऊ."

राखीने स्टोव्ह बारीक केला.

"तुमचं पुस्तक झालं वाटतं," राखी म्हणाली. "आता काय काम आमचं. बसा ना. केंद्राच्या मॅडमला चहा चालतो का, का नुसता पेशंट चालतो?"

"वहिनी, तुम्ही बोला मला. पण आधी ऐकून घ्या." हर्षाली चटईच्या कडेला बसली. "भाऊ, घरी तुम्ही मला जे सांगितलंत ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. पण जूनमध्ये मशीनवर मी एक आकडा लिहिला. तो मला घरी कळलेला नाही. तो खोटा आहे हे माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी लिहिला. माझा हात होता. तो मी डॉक्टरांना सांगणार आहे."

"तुम्ही लिहून दिलं व्हतं." देवरामचा आवाज वर गेला नाही, वर जायला वाराच नव्हता. "दोनदा वाचून घेतलं मी. कधीही म्हंजी कधीही."

"तुमचं नाव मी घेणार नाही. अकरा जणांत एक आकडा चुकीचा आहे, सगळं खातं परत तपासा, एवढंच सांगेन."

"अन् परत तपासलं की? अकरा जणांत कोण, त्ये हुडकायला ठेकेदाराला एक दुपार पुरंल. छाती गेलेला माणूस तो कामावर ठेवीत नाय."

"हो," हर्षाली म्हणाली. "पुरेल."

तिने खोटा धीर दिला नाही. वही काढली आणि ते तीन आकडे त्याच्यासमोर धरले. "तीन वर्षांपासून सोमनाथभाऊ येताहेत. एकशे आठ, एकशे अकरा, एकशे चौदा. कागदावर तुमची छाती दर वर्षी सुधारते आहे, भाऊ. उद्या तुम्हाला कामावरून उठता आलं नाही आणि तुम्ही म्हणालात की ही धूळ मला बाधली, तर हा कागद पुढे करतील. माणूस ठणठणीत होता म्हणतील."

देवराम आकड्यांकडे बघत राहिला आणि अचानक हसला. "आयला, सोम्या. अजून दोन वर्षं फुकलं असतंस तर मला पोलिसात घेतला असता." हसता हसता खोकला आला. खोकला थांबेना. राखीने पाठ चोळली, सोमनाथ उठून उभा राहिला, आणि त्या लहानशा खोलीत बराच वेळ तेवढा एकच आवाज होता.

थांबल्यावर तो म्हणाला, "अकरा जण हायेत म्हणता. बाकीचे धा जण माझ्या घरी पीठ आणून टाकणार हायेत का?"

हर्षालीने वही मिटली.

बोलला तो सोमनाथ. इतका वेळ त्याने मान वर केली नव्हती. "दादा, पहिल्या वर्षी फुकलं तवा मला लय भारी वाटलं. म्हटलं, भावाचं काम वाचवलं. दुसऱ्या वर्षी तू बाकावर बसला व्हतास आणि मी आत. मशीनमधी फुकताना मला तुझा खोकला ऐकू येत व्हता. म्या आणखी जोरात फुकलं." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "औंदा मला वाटलं, म्या तुझं नाव घेतो आन् तूच कमी व्हतोस. फुढच्या साली मी येणार नाय. ताई सांगो न सांगो."

"तुला कुणी बोलाया सांगितलंय?"

"कुणी नाय."

देवरामने तोंड भिंतीकडे फिरवलं. "जा, ताई. तुम्हाला काय करायचं त्ये करा. माझ्या तोंडून हो म्हणवून घेऊ नका."

हर्षाली उठली. गल्लीच्या तोंडापर्यंत आल्यावर मागून पावलं ऐकू आली. राखी होती. पदराला हात पुसत ती दोन हात अंतरावर थांबली. चाळीतल्या बायका नळावर होत्या, म्हणून हळू बोलली.

"कधी सांगणार?"

"सोमवारी."

राखीने नळाकडे पाहिलं. "सोमवारी नको. श्रावणातला शेवटचा हाय. त्यांचा उपास असतो, उपाशी पोटी त्यांना आणखी दम लागतो." मग वळता वळता म्हणाली, "मंगळवारी सांगा."

सोमवारी हर्षालीने अहवाल टाइप करून पूर्ण केला. फेटलिंगच्या रकान्यात त्र्याऐंशी लिहिलं, कारण रजिस्टरमध्ये तेच होतं. घरी आईने विचारलं, प्रबंध कुठपर्यंत आला? ती म्हणाली, झाला आहे. तो खरोखरच झाला होता. एकशे बारा पानं, शीर्षकासकट. ती पानं तिने कपाटात ठेवली आणि बराच वेळ कपाटाचं दार धरून उभी राहिली. प्रमाणपत्राशिवाय विद्यापीठ ती घेणार नव्हतं. घेतली नाहीत तर एक वर्ष, कदाचित त्याहून जास्त. वडिलांना हे कसं सांगायचं, याचा विचार तिने मुद्दाम केला नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगता येते, असं तिने ठरवलं होतं.

मंगळवारी ती डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते. टेबलावर अहवालाची प्रत होती आणि तिच्यावर वेगळा एक कागद, केंद्राच्या शिक्क्याचा.

"ये, ये. बस," डॉक्टर बोरस्ते म्हणाले. "तुझं सर्टिफिकेटही काढून ठेवलंय. तुझी शेवटची तारीख जवळ आली ना? दोन्ही सह्या एकदम करून टाकतो. चांगलं लिहिलंय मी, हां. 'अत्यंत काटेकोर.' आमच्याकडे येणारी मुलं आकडे अंदाजपंचे टाकतात. तुझ्या रजिस्टरवर मी डोळे मिटून सही करतो."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. बाहेर शिपाई चहाचे कप मांडत होता. हर्षाली बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर तिने एक हात ठेवला. फेब्रुवारीपासून पाठ असलेली दोन्ही वाक्यं एकदम डोक्यात आली आणि यावेळी तिने त्यांतलं कुठलंही वापरलं नाही.

"सर, दोन्हींवर सही करू नका."

"का गं? टायपिंगची चूक?"

"नाही." तिने डॉक्टरांकडे पाहिलं. पेन कागदापासून बोटभर वर थांबलं होतं. "फेटलिंगच्या अकरा आकड्यांतला एक खोटा आहे. ती चाचणी त्या माणसाने दिलेली नाही, दुसऱ्याने दिली. मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी तो लिहिला. नाव मी सांगणार नाही, तुम्ही काढून टाकलंत तरी सांगणार नाही. पण त्या अकराही जणांना परत तपासा, सर, आणि या वेळी मशीनवर मी बसणार नाही."